एकोणीस नंबर

मी जन्मजात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे डोंगर, धुकं, स्काऊटचं पथक वगैरे वाचून कुणी मला धाडसी बाई समजायला नको. लहानपणी मला कुत्र्याची भीती वाटे, विहिरीची वाटे, शेजारच्या मावशींच्या अंगात येई त्याची वाटे आणि सगळ्यात जास्त वाटे ती इंजिनाच्या शिट्टीची. हे शेवटचं जरा अडचणीचं होतं, कारण आम्ही राहायचोच लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं वर येऊन सुटी व्हायची ती आमच्या खोलीच्या मागेच. सुटताना ती अशी काही किंचाळत की भांड्याच्या फळीवरचे पितळी डबे थरथरत आणि मी हातातली भाकरी टाकून आईच्या पाठीला चिकटे. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुझ्या पाठी तर अख्खी रेल्वेच लागलीय."

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते रेल्वेत गँगमन होते. धुक्याच्या दिवसांत सिग्नल दिसत नाहीत म्हणून रुळावर फटाके बांधायची ड्यूटी त्यांच्याकडे यायची. गाडीचं चाक फटाक्यावरून गेलं की धाडकन आवाज होई आणि ड्रायव्हरला कळे, पुढे सिग्नल आहे, जपून. घरी आले की भाऊंचे कपडे ओलेगच्च असत. चुलीपुढे हात शेकत ते एकच वाक्य दर वेळी सांगायचे, "धुक्यात चालनारा हरवतो, थांबनारा सापडतो." आई तोवर त्यांच्यापुढे सुकटीची चटणी, गरम भाकरी आणि तिच्या माहेरच्या, आंदर मावळातल्या आंबेमोहोराच्या तांदळाची पेज ठेवायची. त्या पेजेचा वास आला की मला अजूनही वाटतं, बाहेर धुकं असणार. भाऊंचं ते वाक्य मी पुढे माझं स्वतःचं असल्यासारखं शाळेत सगळ्यांना ऐकवत फिरे. भित्र्या माणसाला दुसऱ्याचं शहाणपण मिरवायला फार आवडतं.

चर्चच्या पथकात मला घातलं तेही भाऊंनीच. स्टेशनच्या पलीकडे, चढावर आमच्या शाळेचं चर्च होतं. त्याच्या मागे पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल होता आणि तिथे दर शनिवारी दुपारी मुलींचं स्काऊटचं पथक भरायचं. ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. चर्चचे पाळकसाहेब त्याचा खर्च बघत, पण मुली मात्र सगळ्या घरांतल्या असत. ख्रिस्ती होत्या, बाजारपेठेतल्या हिंदू व्यापाऱ्यांच्या होत्या, आम्हा बौद्धांच्याही दोघी-तिघी होत्या. आई घाबरली. (भीती मला कुठून आली ते यावरून कळावं.) ती म्हणाली, "चर्चात पोरगी धाडायची? बाटवत्याल तिला." भाऊ हसले. म्हणाले, "आपुन एकदा आपल्या मनानं धर्म बदललाय. आता दुसऱ्याच्या मनानं कशाला बदलतोय? जाऊ दे. धीट हुईल जरा." अशा रीतीने, इतर मुली दहाव्या वर्षी जात तिथे मी तेराव्या वर्षी दाखल झाले. रविवारी सकाळी विहारात वंदना आणि शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलात प्रार्थना, असं माझं दोन्हीकडे नीट चाललं होतं. देवांची आपसांत काही तक्रार माझ्या कानावर आली नाही.

पथकाच्या रीती पुष्कळ होत्या आणि त्या मोडणं म्हणजे महापाप. नव्या मुलीला नवा स्कार्फ मिळत नसे. सोडून गेलेल्या मुलीचा धुऊन, इस्त्री करून मिळे आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा शिवलेला असे. स्कार्फबरोबर तो नंबरही तुमचा. रानात खिचडी शिजली की पहिला डाव सगळ्यात शेवटच्या नंबरच्या ताटात पडे, बाई सगळ्यांच्या मागून खात. एकमेकींना हाक मारायची तर टिटवीसारखी मारायची. माझी आई म्हणायची, टिटवी ओरडणं अशुभ, आणि ह्या बायका मुद्दाम ओरडायला शिकवतात! पण सगळ्यात मोठी रीत म्हणजे मोजणी. पथक जमलं, निघालं, थांबलं, परत निघालं, की मोजणी व्हायची. पहिलीने 'एक' म्हणायचं, दुसरीने 'दोन', असं शेवटपर्यंत. आणि जी आलेली नसेल तिचा नंबर तिच्या आधीच्या मुलीने म्हणायचा. मोजणीत भोक पडू द्यायचं नाही.

त्याची गोष्ट रूथबाई आम्हाला वर्षातून एकदा सांगत. रूथबाई म्हणजे आमच्या पथकाच्या प्रमुख, शाळेत भूगोल शिकवायच्या. उंच, सावळ्या, आवाज खर्जातला. स्वतः त्याच पथकात वाढलेल्या. पहिल्या तुकडीत सात नंबरची मुलगी होती मार्था. तिला छातीचं दुखणं जडलं आणि ती घरी पडून राहिली. तिचं घर हॉलच्या अगदी मागे होतं. मोजणीचा आवाज तिला खिडकीतून ऐकू यायचा. आपला नंबर गाळला जातो म्हणून ती रडली, हे कळल्यावर सहा नंबरची मुलगी तिचाही नंबर म्हणू लागली. मार्था पुढे वारली. पण सात नंबर दुसऱ्या कुणालाही दिला नाही आणि सहा नंबरवाली कायमची दोन आकडे म्हणत राहिली. "आपल्या पथकात कुणी गैरहजर नसतं," असं रूथबाई म्हणायच्या, आणि हॉलात सगळ्यांचे डोळे ओले व्हायचे. माझेही व्हायचे. ह्या सुंदर रीतीत एक खड्डा आहे, हे इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यात पाय घालायचा मान माझा होता.

मला मिळाला अठरा नंबर. एकोणीस नंबर शेवटचा, आणि तो होता एस्तेरचा. एस्तेर दहा वर्षांची, काडीसारखी, जाड भिंगांचा चष्मा. तिचे वडील चर्चची घंटा वाजवायचे. शेवटच्या नंबरला आम्ही शेपटी म्हणायचो आणि शेपटीवर लक्ष ठेवायचं काम तिच्या आधीच्या नंबरचं, म्हणजे माझं. एस्तेर माझ्यामागे इतकी चिकटून चाले की माझ्या टाचा सोलून निघत. मी वैतागायचे. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. माझ्याहून भित्रं कुणीतरी जगात आहे, हा मोठाच आधार होता. भाऊंचं धुक्याचं वाक्य मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती ते माझ्याबरोबर म्हणायची.

त्या पावसाळ्यात एस्तेरला गालगुंड झालं. सलग तीन शनिवार ती आली नाही. तीनही शनिवार मी 'अठरा, एकोणीस' असं एका दमात म्हटलं. मोजणी एका बैठकीत चार-पाच वेळा तरी व्हायची. म्हणजे किती वेळा म्हटलं असेल बघा. जिभेला वळण पडलं होतं.

चौथ्या शनिवारी शाळेला सुट्टी होती आणि पथकाची विसापूर किल्ल्यावरची पायी सहल ठरली होती. श्रावण संपत आलेला. सकाळच्या गाडीने आम्ही मळवलीला उतरलो. हल्ली शनिवार-रविवारी मळवली ते भाजे ह्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हातात स्पीकर घेतलेली पोरं नाचत जातात, मक्याच्या कणसांचा धूर सगळीकडे. तेव्हा त्या रस्त्यावर आम्ही अठरा मुली, रूथबाई आणि भातखाचरांतले बगळे एवढेच होतो. अठराच्या अठरा आल्या होत्या. सात नंबर सोडला तर मोजणी त्या दिवशी भरलेली होती. एस्तेर आली होती. गळ्याभोवती आईचा लोकरी मफलर, आवाज अजून बसलेला. "ताई, मी आले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि माझ्यामागे उभी राहिली. भाज्यातून वर जायची वाट म्हणजे ओढ्यातल्या पायऱ्याच. पाण्यातून पाय टाकत, एकमेकींना हात देत आम्ही चढलो. वर पोचेपर्यंत छान उघडीप होती. विसापूरचा माथा हा डोंगराच्या टोकासारखा नाही. तो एक मोठा माळच आहे, कडेला तटबंदी, तिच्या बाहेर सरळ कडा. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, मध्ये पडक्या भिंती, पाण्याची टाकी आणि चरणाऱ्या म्हशी. भाज्याचे एक आबा त्या म्हशी घेऊन घोंगडी पांघरून बसले होते. चूल पेटायला वेळ लागला, खिचडी खालून करपली, पहिला डाव एस्तेरच्या ताटात पडला. करपलेली खरवड मात्र मी मागून घेतली. मला ती अजून आवडते.

भांडी घासत होतो तेवढ्यात धुकं आलं. ते आलं म्हणजे कुठून आलं ते दिसलं नाही. समोरची म्हैस होती ती नाहीशी झाली, मग भिंत गेली, मग रूथबाईंचे पाय राहिले आणि डोकं गेलं. रूथबाईंनी शिट्टी वाजवली आणि रांग लावली. वाट फक्त त्यांनाच माहीत, म्हणून त्या सगळ्यांत पुढे. मधे सगळ्या मुली, शेवटून दुसरी मी, शेवटी एस्तेर. मोजणी झाली. एस्तेरने स्वतःचा 'एकोणीस' स्वतः म्हटला, तो मी ऐकला. आम्ही निघालो.

मला समोरच्या सतरा नंबरची फक्त पाठ दिसत होती, तीही मधूनमधून. त्या पाठीवर डोळे लावून मी चालत होते. मागे वळून बघायचं धाडस नव्हतं. वळले आणि तेवढ्यात ती पाठ गेली तर? टाचांवर एस्तेरचे बूट लागेनासे झाले होते, हे मला जाणवलं. खरंच जाणवलं होतं. मी स्वतःला सांगितलं, शहाणी झाली असेल, अंतर ठेवून चालत असेल. टाक्याजवळ रूथबाई थांबल्या आणि पुढून मोजणी सुरू झाली. एकेक आवाज धुक्यातून येत होता. पंधरा. सोळा. सतरा. मी म्हणाले, "अठरा, एकोणीस."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. आकडा तोंडातून गेला आणि मग मला कळलं, मी काय म्हटलं ते. "छान, चला," असा रूथबाईंचा आवाज आला. मी मागे वळले. मागे पांढरं होतं, दुसरं काही नव्हतं. "एस्तेर," मी हळूच म्हणाले. हळूच का, तर मोठ्याने म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं, 'बाई, थांबा!' दोनच शब्द. पण ते म्हटले की बाई विचारणार, मग एकोणीस कोण म्हणालं? मुली हसणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाई म्हणणार, सुनंदा, जा मागे, बघून ये. त्या पांढऱ्यात एकटीने जाणं माझ्याने होणार नव्हतं. येईल मागून, चष्मा पुसत असेल, असं म्हणत मी सतरा नंबरच्या पाठीमागे धावले. धावले म्हणजे अक्षरशः धावले.

पायऱ्यांच्या तोंडाशी, तटाच्या भिंतीला लागून पुन्हा मोजणी झाली. आधीच्या वेळी चूक झाली होती. या वेळी चूक नव्हती. सोळा झालं, सतरा झालं, मला विचार करायला पुरेसा वेळ होता आणि मी विचार करून म्हणाले, "अठरा. एकोणीस." दुसरा आकडा मी आवाज जरा बारीक करून म्हटला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तो बारीक केलेला आवाज मी विसरलेले नाही. माझ्या हातून आयुष्यात झालेल्या सगळ्या वाईट गोष्टींत ती पहिली आहे, असं मी मानते.

पायऱ्या अरुंद आणि निसरड्या, एकेकीनेच उतरायच्या. तिथेही एक रीत होती. बाई कडेला उभ्या राहत आणि खाली जाणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत. त्यांनी लावला. मी शेवटची. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या डोक्यासाठी हात तसाच हवेत धरला. कुणी आलं नाही. "सतरा डोकी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सगळ्यांना वर बोलावून पुन्हा हात लावला. पुन्हा सतरा. "एस्तेर कुठे आहे?"

रूथबाईंचा चेहरा इतक्या जवळून दिसत होता की त्यांच्या पापण्यांवरचे धुक्याचे थेंब मी मोजू शकले असते. त्या म्हणाल्या, "आत्ता मोजणी झाली तेव्हा होती. ह्याच भिंतीपाशी. म्हणजे दहा-वीस पावलांतच..." आणि त्या थांबल्या. त्या दहा-वीस पावलांत एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला, तट पडला होता तिथे, कडा. मला तेव्हा सगळं एकदम समजलं. माझ्या खोट्या आकड्यामुळे बाई एस्तेरला चुकीच्या जागी शोधणार होत्या. त्या तटाच्या खिंडाराशी ओणव्या झाल्या आणि खाली दरीत हाका मारू लागल्या. मुलींनी टिटवीची हाक दिली. त्याबरोबर माळावरच्या खऱ्याखुऱ्या टिटव्या उठल्या आणि चहूबाजूंनी ओरडायला लागल्या. कुठली एस्तेर आणि कुठली टिटवी, काही कळेना. धाकट्या मुली रडायला लागल्या. तोंड उघडत होते आणि आत काहीच नव्हतं.

आवाज ऐकून म्हशीवाले आबा धुक्यातून आले. रूथबाईंनी सांगितलं. ते खिंडाराशी गेले, खाली वाकले, कान देऊन ऐकलं आणि परत आले. "बाई, हितनं खाली कोन गेलं आसंल," ते म्हणाले, "तर हाका मारून काय उपेग न्हाई. वाडीवरनं मानसं आनाय पायजेल, खालच्या अंगानं जायाला. लय टाइम लागंल." मग आमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोरींना आदी खाली न्या."

रूथबाई मटकन खाली बसल्या. चिखलात. ज्या बाईंना आम्ही कधी भिंतीला टेकून उभं राहिलेलंही पाहिलं नव्हतं, त्या चिखलात बसल्या आणि त्यांनी स्कार्फ तोंडावर धरला. तेव्हा माझं तोंड उघडलं. धीर आला म्हणून नाही. बाईंना बसलेलं बघून जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतींहून मोठी होती, एवढंच.

"बाई, तिचा नंबर मी म्हटला."

"काय?"

"टाक्याजवळ मी म्हटला. चुकून. आणि इथे पण मीच म्हटला. ती इथपर्यंत आलीच नाही."

मला वाटलं आता गालावर थप्पड बसणार. बसायला हवीच होती. रूथबाई उठल्या. "म्हणजे ती टाक्याच्या मागे आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, जीव परत आला होता. राग नंतर आला, तो वेगळा. त्यांनी मोठ्या मुलींना भिंतीला पाठ लावून, हातात हात घालून बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं आणि माझं मनगट धरलं. "तू चल. कुठे मागे राहिली ते तुलाच ठाऊक आहे."

आबा पुढे, काठीने गवत चाचपत. मधे बाई, मागे मी. जिकडे जायच्या भीतीने मी दोनदा खोटं बोलले होते, तिकडेच चालले होते. टाक्याशी पोचलो. बाईंनी हाक मारली. टिटव्या ओरडल्या. पुन्हा हाक, पुन्हा टिटव्या. आबा वैतागून म्हणाले, "बाई, गप ऱ्हावा जरा. ती पाखरं गप झाली की मंग आयकू." आम्ही गप्प उभ्या राहिलो. किती वेळ, कोण जाणे. हळूहळू टिटव्या बसल्या. आणि मग डाव्या हाताला, खाली कुठूनतरी, घोगरा बारीक आवाज आला.

"...अकरा. बारा. तेरा."

रूथबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"चौदा. पंधरा. सोळा." दमल्यासारखा, पण एका लयीत. "सतरा. अठरा."

"अठरा!" मी ओरडले. "अठरा! एस्तेर, अठरा!"

आणि धुक्यातून उत्तर आलं, "एकोणीस."

ती एका पडक्या भिंतीच्या आडोशाला उकिडवी बसली होती. एक बूट चिखलात रुतून निघाला होता, तो मांडीवर धरलेला. चष्मा पांढरा झालेला. बूट काढायला वाकली आणि रांग गेली, इतकंच घडलं होतं. बाईंनी तिला उचलून घेतलं, आबांनी तिच्या अंगावर घोंगडी टाकली. "इतका वेळ आकडे का म्हणत होतीस गं?" बाईंनी विचारलं. एस्तेर म्हणाली, "बाई, कुणीच हजर नव्हतं ना. मग सगळ्यांचे मलाच म्हणायला पाहिजेत." एकापासून, सातासकट, एकोणीसपर्यंत. संपले की पुन्हा पहिल्यापासून. तासभर तरी ती ते करत होती, बसलेल्या घशाने.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनेच माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे पांढऱ्या चष्म्याचं तोंड माझ्याकडे केलं. "ताई, मी नंबर म्हणणार होते, तेवढ्यात तुझा आवाज आला. तू माझा नंबर म्हटलास. म्हणजे तुला कळलं होतं ना, मी तिथे नाही ते. म्हणून मी नाही घाबरले. बसून राहिले. थांबणारा सापडतो."

मला त्या वेळी बाईंनी मारलं असतं तर फार बरं वाटलं असतं. मी तिथेच गवतात बसून हमसाहमशी रडले. आबांना वाटलं, पोरगी सापडल्याच्या आनंदाने रडते. "गप, बाय," ते म्हणाले, "घावली की आता."

मळवलीच्या फलाटावर रूथबाईंनी पथक उभं केलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "आजपासून हॉलाबाहेर कुणी कुणाचा नंबर म्हणायचा नाही. सातसुद्धा नाही. बरोबर आलेल्या कुणाचा आकडा आला नाही की पथक जिथे असेल तिथे थांबेल." मग माझ्यासमोर येऊन त्यांनी माझा स्कार्फ सोडला. मला वाटलं, गेलं माझं पथक. त्यांनी आतला कोपरा उलटा केला, लाल दोऱ्याचा अठरा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तुझा नंबर किती?" मी सांगितला. "तेवढाच म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि स्कार्फ परत बांधला. गाठ जरा घट्ट बांधली. घरी गेल्यावर भाऊंना सगळं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "फटाका खोटा बांदला तर गाडी जाती, बाळा." आणि त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

पथक अजून आहे. हॉलचा पत्रा जाऊन स्लॅब आला, मुलींकडे मोबाइल आले, आता मुलगेही असतात. पण रानात आकडा आला नाही की सगळं पथक जागच्या जागी थांबतं. मागे एकदा एका चुणचुणीत पोरीने मला ती रीत समजावून सांगितली. "आजी, ही आमच्या पथकाची पहिल्यापासूनची परंपरा आहे." मी म्हटलं, हो का? खरं सांगायची भीती वाटली. म्हणजे मी सुधारले वगैरे नाही.

वर्धापनदिनाला जुन्या मुलींचीही मोजणी होते, हॉलात, जुन्या रीतीने. आमच्या वेळच्या आता सहा-सात जणीच उरल्यात. नसलेल्यांचे आकडे असलेल्या म्हणतात, म्हणून एकेकीला तीन-तीन म्हणावे लागतात. एस्तेर तळेगावला असते; जन्मभर नर्स होती, आता निवृत्त आहे. तिने एकही वर्धापनदिन चुकवला नव्हता, त्यामुळे तिचा आकडा पुन्हा म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं, आली नाही. सोळा झालं, सतरा झालं. मी अठरा म्हटलं आणि थांबले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी एकोणीस म्हटलं आणि टाळ्या वाजायच्या आत काठी टेकत बाहेर व्हरांड्यात आले. तिला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिने उचलला.

"एस्तेर, मी आत्ता तुझा नंबर म्हटला," मी म्हणाले. "तू आहेस ना?"

"आहे गं, ताई," तोच घोगरा आवाज आला. "बसून आहे. तू सावकाश ये."